केल्सो: घाटाच्या पायथ्याचं रेल्वेगाव – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

केल्सो नेमकं कुठे आहे?

कॅलिफोर्नियातल्या मोहावी वाळवंटात, सॅन बर्नार्डिनो काउंटीत (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा). लास व्हेगासहून लॉस एंजेलिसकडे जाणारा लोहमार्ग सीमा (Cima) नावाच्या ठिकाणाचा घाट उतरून जिथे सपाटीला लागतो, तिथे हे गाव आहे. समुद्रसपाटीपासून उंची २,१२६ फूट. उत्तरेला बेकर हे हमरस्त्यावरचं गाव सुमारे ५५ किलोमीटर, दक्षिणेला ४० क्रमांकाचा आंतरराज्य महामार्ग सुमारे ३५ किलोमीटर. मधे कुठेही वस्ती म्हणावी असं काही नाही.

नकाशावर शोधताना एक काळजी घ्या. वॉशिंग्टन राज्यात केल्सो नावाचं चांगलं नांदतं शहर आहे आणि स्कॉटलंडमध्येही एक केल्सो आहे. नुसतं नाव टाकलं की बहुतेक वेळा तीच पुढे येतात. ‘केल्सो डेपो’ असं शोधावं.

केल्सोला ‘अनइन्कॉर्पोरेटेड’ वस्ती म्हणतात. म्हणजे ग्रामपंचायत नसलेलं गाव का?

जवळपास तसंच, पण पूर्ण तसं नाही. आपल्याकडे एखादी वाडी कितीही लहान असली तरी ती कुठल्या ना कुठल्या ग्रामपंचायतीत मोडते. फार तर गट ग्रामपंचायत असेल, पण सरपंच असतोच. अमेरिकेत स्थानिक लोकांनी कायदेशीर प्रक्रिया करून नगर स्थापन केलं तरच महापौर, नगरसभा, स्वतःचे कर हे सगळं येतं. केलं नाही, तर ती वस्ती थेट काउंटीच्या अखत्यारीत राहते. पोलीस म्हणजे काउंटीचा शेरीफ, रस्ते काउंटीचे, जमिनीची नोंदणी काउंटीच्या कार्यालयात.

केल्सोला महापौर कधी नव्हता. हद्दही आखलेली नव्हती. शेवटचं घर कुठलं, हे ज्याचं त्यानं ठरवावं. काउंटीही लहानसहान नाही. सॅन बर्नार्डिनो काउंटीचं क्षेत्रफळ सुमारे ५२ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे अहिल्यानगर जिल्ह्याच्या तिप्पट. इतक्या पसाऱ्यात वाळवंटातल्या एका स्टेशनाकडे काउंटी किती लक्ष देणार? त्यामुळे पाणी, दिवे, घरं, औषधपाणी अशा बहुतेक बाबतींत गावाचा खरा कारभारी रेल्वे कंपनीच होती. पुढची बरीच उत्तरं या एका गोष्टीवर उभी आहेत. कंपनीला गरज होती तोवर गाव होतं.

नाव कसं पडलं?

चिठ्ठ्या टाकून. मार्ग बांधताना याला नाव नव्हतं, नुसता क्रमांक होता: सायडिंग १६ (सायडिंग म्हणजे गाडी बाजूला घ्यायचा जादा रूळ). १९०५ मध्ये नाव द्यायची वेळ आली तेव्हा रेल्वेच्या गोदामात काम करणाऱ्या दोघांनी आपापली नावं टोपीत टाकली आणि नुकत्याच निघून गेलेल्या एका सहकाऱ्याचंही नाव त्यांत घातलं. चिठ्ठी निघाली ती नेमकी त्या गैरहजर माणसाची, जॉन केल्सोची. निदान परंपरेने सांगितली जाणारी हकीकत अशी आहे. शूर सरदार, संत किंवा खाणमालक यांचा या नावाशी काही संबंध नाही.

रेल्वेच्या आधी इथे कोणीच नव्हतं का?

होतं. हा प्रॉव्हिडन्स डोंगररांगेच्या पायथ्याचा भाग, चेमेह्वेवी या मूळ रहिवासी लोकांचा मुलूख. कोणत्या ओहोळात पाणी सापडतं, कोणत्या ऋतूत सापडतं हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत होतं. या डोंगरातल्या झऱ्यांवर रेल्वेने मागाहून आपला हक्क लावला, एवढंच. ‘ओसाड वाळवंटात रेल्वेने गाव वसवलं’ हे वाक्य माहितीपत्रकांत छान दिसतं, पण अर्धवट आहे.

रेल्वे कोणी आणली?

माँटानातला तांब्याचा धनाढ्य व्यापारी आणि सिनेटर विल्यम क्लार्क याने. नेवाडातली क्लार्क काउंटी, जिच्यात लास व्हेगास येतं, ती त्याच्याच नावाची. कंपनीचं नाव लांबलचक होतं: सॅन पेड्रो, लॉस एंजेलिस अँड सॉल्ट लेक रेलरोड. त्याच मार्गावर युनियन पॅसिफिक या दुसऱ्या रेल्वे कंपनीचाही डोळा होता. झगडा झाला, मग १९०३ मध्ये तडजोड होऊन निम्मी मालकी तिच्याकडे गेली. जानेवारी १९०५ मध्ये दोन्ही बाजूंचे रूळ जोडले गेले आणि त्याच वर्षी मे महिन्यात वाहतूक सुरू झाली. १९१६ मध्ये नावातून ‘सॅन पेड्रो’ गळलं, १९२१ मध्ये उरलेली मालकीही युनियन पॅसिफिककडे गेली. जुन्या कागदांत म्हणून एकाच मार्गाची तीन नावं सापडतात. शोध घेताना तिन्ही नावांनी घ्या.

पण स्टेशन इथेच का? पाच-दहा किलोमीटर अलीकडे-पलीकडे का नाही?

कारणं दोन: चढ आणि पाणी.

आधी चढ. केल्सोपासून पूर्वेला सीमापर्यंत साधारण २९ किलोमीटर मार्ग आहे. ‘सीमा’ हा स्पॅनिश शब्द, अर्थ माथा. एवढ्या अंतरात मार्ग सुमारे ६२५ मीटर वर चढतो. हा उतार २.२ टक्के, आपल्या रेल्वेच्या भाषेत ४५ला १, म्हणजे ४५ मीटर पुढे गेलं की १ मीटर चढ. कर्जत-खंडाळा मार्गावरचा बोरघाट ३७ला १ आहे, म्हणजे त्याहून तीव्र. पण सीमाचा चढ लांबलचक आहे आणि मधे दम घ्यायला सपाटी जवळपास नाही.

आकड्यांत बघू. हजार टनांची मालगाडी सपाटीवर हळूहळू ओढायला दोन-तीन टनांची ओढ पुरते. तीच गाडी ४५ला १ चढावर घातली की गुरुत्वाकर्षणाचेच २२ टन वर येतात. एकूण ओढ आठ-दहा पट. सपाटीवर आरामात धावणारं इंजिन इथे जागच्या जागी चाकं फिरवत बसतं. म्हणून चढ सुरू होण्याआधी जादा इंजिन जोडावं लागतं आणि ते इंजिन जिथे उभं राहतं तिथेच शेड, कोळसा-तेल, फिटर, ड्रायव्हर, फायरमन, त्यांची जेवणं, त्यांची झोप हे सगळं गोळा होतं. कर्जत जसं घाटामुळे मोठं झालं तसंच हे.

दुसरं पाणी. चढाचा पायथा म्हणावा अशी जागा दोन-चार किलोमीटर इकडेतिकडे करता आली असती. पण झऱ्यांचं आणि जमिनीतलं भरवशाचं पाणी इथे होतं. चढ आणि पाणी एकत्र सापडलं ते सायडिंग १६ला.

बँकर इंजिन जोडायची पद्धत काय होती?

चढावर मदतीला जोडायच्या जादा इंजिनाला अमेरिकेत ‘हेल्पर’ म्हणतात, आपण ‘बँकर’ म्हणतो. काम तेच.

मालगाडी केल्सोच्या लांब सायडिंगमध्ये यायची. पुढच्या इंजिनाची टाकी भरायची, वंगण घालायचं, आग साफ करायची. तोवर शेडमधून बँकर निघायचं. ते जोडायचं कुठे, हा कळीचा मुद्दा. शेवटचा गार्डाचा डबा पूर्वी लाकडी सांगाड्याचा असे. त्याच्या मागे बँकर लावून रेटलं तर डबा आगपेटीसारखा चिरडायचा. म्हणून गार्डाचा डबा सोडवायचा, बँकर मधे घालायचं आणि डबा त्याच्या मागे पुन्हा जोडायचा. हवेच्या नळ्या जोडल्या की पुढून मागपर्यंत ब्रेकची चाचणी. मग शिट्टीचे इशारे. पुढच्या ड्रायव्हरने शिट्टी दिली की मागच्याने उत्तर द्यायचं आणि आधी मागच्याने हळूच रेटायचं.

इथे चूक झाली की काय व्हायचं ते ठरलेलं होतं. पुढच्याने आधी जोरात ओढलं तर कपलिंगमधली (वाघिणी एकमेकींना जोडणाऱ्या आकड्यांमधली) ढिलाई एकदम ताणली जायची आणि गाडी मधोमध तुटायची. मागच्याने फाजील रेटलं तर रिकामी, हलकी वाघीण वळणावर रुळाबाहेर उचलली जायची. दोन ड्रायव्हर एकमेकांना दिसत नाहीत, बोलू शकत नाहीत, मधे अर्धा-पाऊण किलोमीटर गाडी. सगळा भरवसा शिट्टीवर आणि हाताला येणाऱ्या धक्क्यावर.

या मार्गावर दहा जोडचाकांची, २-१०-२ रचनेची (पुढे दोन, मधे दहा, मागे दोन चाकं) भली दांडगी इंजिनं वापरात होती. सीमाला पोचलं की बँकर सुटायचं आणि एकटंच घाट उतरून पुढच्या गाडीसाठी परत यायचं.

बँकर मोकळं नसेल तर दुसरा उपाय होता: गाडीचे दोन तुकडे करणं. अर्धी गाडी वर नेऊन सायडिंगला ठेवायची, एकटं इंजिन परत आणायचं, उरलेली अर्धी न्यायची. एकेरी मार्ग त्यात तासन्‌तास अडकून राहायचा. म्हणून कंपनीला बँकर ठेवणं परवडायचं, म्हणजेच केल्सो पोसणं परवडायचं.

चढणं कळलं. उतरताना काय?

उतरणं जास्त धोक्याचं. हजार टन वजन ६२५ मीटर खाली येतं तेव्हा साधारण १,७०० युनिट विजेएवढी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. वाफेच्या काळात ती जिरायची बहुतांशी ब्रेकच्या ठोकळ्यांत आणि चाकांत.

मालगाड्यांच्या हवेच्या ब्रेकची एक खोड होती. ब्रेक थोडासा सैल करता यायचा नाही. सोडला की पूर्ण सुटायचा, आणि प्रत्येक वाघिणीखालची हवेची टाकी पुन्हा भरायला वेळ लागायचा. उतारावर सारखं लाव-सोड केलं तर टाक्या भरायच्या आत पुन्हा रिकाम्या व्हायच्या आणि शेवटी ब्रेक लावायला हवाच उरायची नाही. यावरचा इलाज म्हणजे रिटेनर. प्रत्येक वाघिणीला एक लहानशी मूठ असे. ती फिरवली की ब्रेक सोडला तरी सिलिंडरमध्ये थोडा दाब धरून राहायचा आणि तेवढ्या वेळात टाकी भरायची. सीमाला थांबून माणसांनी वाघिणीमागून वाघिणीची ही मूठ फिरवायची, खाली आल्यावर परत सरळ करायची आणि चाकं हात जवळ नेऊन तपासायची. चाक लाल झालं असेल तर गाडी गार होईस्तोवर उभी. मूठ परत फिरवायची राहिली तर ती वाघीण सपाटीवर ब्रेक घासतच पुढे जायची.

डिझेल इंजिनांत डायनॅमिक ब्रेक आला. चाकं फिरवणाऱ्या मोटारींनाच जनित्र करायचं आणि तयार होणारी वीज इंजिनाच्या छतावरच्या जाळ्यांत तापवून उडवून द्यायची. रिटेनरचं काम यामुळे पुष्कळ कमी झालं. पण वजनाचा अंदाज चुकला तर कोणताच ब्रेक पुरत नाही. नोव्हेंबर १९८० मध्ये रुळांखाली घालायचे लाकडी स्लीपर भरलेली एक गाडी याच उतारावर बेफाम सुटली आणि पुढे चाललेल्या मालगाडीवर मागून आदळली. माणसं दगावली. स्लीपरांचं धरलेलं वजन प्रत्यक्षापेक्षा कमी होतं. उतरणीच्या घाटात कागदावरचा टन आणि रुळावरचा टन वेगळे असले की असंच होतं.

एका इंजिनाला पाणी किती लागायचं?

मोठ्या मालइंजिनाच्या टेंडरमध्ये, म्हणजे इंजिनामागच्या पाणी-इंधनाच्या डब्यात, दहा-बारा हजार अमेरिकन गॅलन पाणी मावायचं, म्हणजे ४० ते ४५ हजार लिटर. आपल्याकडे दुष्काळात गावोगाव फिरणारा टँकर साधारण दहा हजार लिटरचा, म्हणजे चार टँकर एका इंजिनाला. २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाणी नेणारी जलदूत गाडी आठवत असेल. तिच्या एका टँक-वाघिणीत साधारण ५० हजार लिटर असत. जवळपास त्या एका वाघिणीएवढं पाणी सीमाच्या चढावर एकेक इंजिन वाफ करून आकाशात सोडायचं. आणि गाडीला इंजिनं दोन, कधी तीन.

पाणी नुसतं असून भागत नाही, बॉयलरला मानवावं लागतं. वाळवंटातल्या पाण्यात क्षार जास्त. ते उकळलं की नळ्यांवर पापुद्रा बसतो, उष्णता पाण्यापर्यंत पोचत नाही आणि नळी जळते. क्षार फार साठले तर बॉयलरमध्ये फेस येतो आणि वाफेबरोबर पाणी सिलिंडरात शिरतं. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे सिलिंडरचं झाकण उडू शकतं. म्हणून रेल्वे पाण्यात चुना आणि धुण्याचा सोडा घालायची, आणि ठरावीक वेळाने बॉयलरच्या तळचं गढूळ पाणी जोराने बाहेर फेकायची.

एवढ्याशा गावाला एवढी देखणी इमारत कशाला?

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो आणि तो रास्त आहे. १९२४ मध्ये पुरी झालेली ही दुमजली इमारत स्पॅनिश मिशन धाटणीची आहे: कमानींचा व्हरांडा, लाल कौलं, खाली तळघर, समोर हिरवळ आणि झाडं. चारी बाजूंना करडं वाळवंट आणि मधेच ही.

प्रवाशांसाठी ती बांधली, असा समज आहे. तो अर्धाच खरा. दक्षिणेकडून समांतर धावणाऱ्या सँटा फे रेल्वेची हार्वी खाणावळ-साखळी तेव्हा नावाजलेली होती. तिच्या तोडीचं काहीतरी दाखवायचं होतं हे खरं. पण इमारतीतल्या खोल्या मोजा म्हणजे ती कोणासाठी होती ते कळेल. तिकीटखिडकी आणि प्रतीक्षालय लहान. तारघर एक. उरलेला सगळा पसारा कर्मचाऱ्यांचा: झोपायच्या खोल्या, वाचनालय, बिलियर्डची खोली, खाणावळ. आपल्या रेल्वेत याला रनिंग रूम म्हणतात. आपली रनिंग रूम इतकी ऐटदार नसते, एवढाच फरक.

यामागे कायदाही होता. १९०७ च्या केंद्रीय कायद्याने गाडी चालवणाऱ्याला सलग १६ तासांहून जास्त कामावर ठेवायला बंदी झाली. तास संपले की सक्तीची विश्रांती. वाळवंटाच्या मधोमध तास संपले तर माणूस झोपणार कुठे? म्हणून पलंग हवेत, आणि रात्री दोनला उठून गाडी धरायची तर रात्री दोनला गरम जेवणही हवं. खाणावळ म्हणून चोवीस तास, तीन पाळ्यांत चालायची. लोक तिला ‘बीनरी’ म्हणत. बीन म्हणजे घेवड्याच्या जातीचं कडधान्य, म्हणून बीनरी. आपण ‘उसळीचं हॉटेल’ म्हणावं तसं.

तळघरातली मोठी खोली गावकऱ्यांच्या कामी यायची. प्रार्थना तिथेच, सिनेमा तिथेच, नाच तिथेच.

तारघराचं काम काय असायचं?

एकेरी मार्गावर समोरासमोरच्या गाड्यांची गाठ कोणत्या सायडिंगला पडेल, हे दूरवरचा नियंत्रक ठरवायचा. तो हुकूम तारेने यायचा. तारमास्तर तो पातळ कागदावर प्रती काढून लिहायचा, उलट वाचून दाखवायचा आणि चालत्या गाडीला लांब काठीच्या फाट्यात अडकवून द्यायचा. एक प्रत इंजिनात, एक गार्डाकडे. आकडा चुकला तर टक्कर, म्हणून उलट वाचणं टाळायचं नाही. पुढे सिग्नल आणि सांधे लांबूनच चालवायची सोय आली आणि ही काठी अडगळीत गेली.

खाणीमुळे गाव वसलं असं वाचलं. खरं का?

नाही. गाव आधी वसलं, खाण मागून आली. पण गाव *फुगलं* ते खाणीमुळे, हे खरं.

दुसऱ्या महायुद्धात जहाजांसाठी पोलाद हवं होतं. हेन्री कायझर यांनी फोंटानाला पोलादाचा कारखाना काढला. त्याला लोहखनिज पुरवायला प्रॉव्हिडन्स डोंगरातली व्हल्कन खाण १९४२ मध्ये सुरू झाली. खनिज ट्रकांनी सुमारे १४-१५ किलोमीटर उतरवून केल्सोला आणायचं, तिथे वाघिणींत भरायचं. १९४७ मध्ये खाण बंद झाली, कारण कायझरने ईगल माउंटनला त्याहून मोठी खाण उघडली. युद्धाच्या गाड्या, बँकर आणि खाण असं तिन्ही एकत्र चालू होतं ती पाच-सहा वर्षं म्हणजे केल्सोची भरती.

लोकसंख्या दोन हजार होती हे कितपत धरावं?

भरतीच्या काळाचा ढोबळ आकडा म्हणून धरावा, शिरगणतीचा म्हणून नाही. नगर नसलेल्या, हद्द नसलेल्या वस्तीची गणना त्या काळी स्वतंत्र छापली जात नसे, आजूबाजूच्या मोठ्या विभागात मिसळून जायची. त्यातून अमेरिकेत शिरगणती दर दहा वर्षांनी, शून्याच्या साली. खाण ४२ला उघडली, ४७ला मिटली. १९४०ची गणना आधीची, १९५०ची नंतरची. गावाची सगळ्यात मोठी गर्दी दोन गणनांच्या मधल्या फटीत आली आणि गेली.

स्टेशनाबाहेरचा लोखंडी पिंजरा कसला?

तुरुंग. दोन कोठड्यांचा, लोखंडी पट्ट्यांचा. १९४० च्या दशकात दारू पिऊन दंगा करणाऱ्यांना रात्रभर उतरू द्यायला आणला. जिल्ह्याचं ठाणं तासन्‌तास दूर असताना शेरीफचा माणूस दुसरं काय करणार! छप्पर असलं तरी भिंती म्हणजे नुसत्या पट्ट्या. वाळवंटातल्या थंडीत आणि उन्हात एक रात्र काढली की दुसऱ्यांदा यायची हौस उरत नसावी.

मग गाव ओस का पडलं?

एका फटक्यात नाही. एकेक गरज संपत गेली.

आधी १९४७ मध्ये खाण गेली. त्याच सुमारास डिझेल इंजिनं यायला लागली, आणि खरा घाव हा. डिझेलला पाणी लागत नाही, आग साफ करावी लागत नाही. शिवाय तीन-चार डिझेल एकत्र जोडून एकाच केबिनमधून चालवता येतात. म्हणजे घाटापुरतं वेगळं इंजिन आणि त्याचे वेगळे ड्रायव्हर-फायरमन ठेवायची गरज नाही. सगळी ताकद पुढेच, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. चढ होता तिथेच राहिला, पण पायथ्याशी थांबायचं कारण संपलं. १९५० चं दशक संपता संपता वाफ गेली आणि बँकरही गेली. १९६२ मध्ये इमारतीचं स्टेशन म्हणून काम थांबलं. खाणावळ आणि खोल्या मात्र कर्मचाऱ्यांसाठी चालू होत्या, त्या १९८५ मध्ये बंद झाल्या.

आपल्याकडे कर्जतला बँकर अजून लागतं, कारण बोरघाट तीव्र आहे आणि गाडीचं पुढचं इंजिन एकटं पुरत नाही. शिवाय कर्जतला मुंबईची लोकल पोचली. केल्सोला दुसरा आधार नव्हता. शेती नाही, बाजार नाही, जवळ मोठं शहर नाही.

इमारत पाडली कशी नाही?

पाडायचंच ठरलं होतं. १९८५ नंतर रिकामी वास्तू म्हणजे कंपनीला नुसती जोखीम. स्थानिक लोक आणि वाळवंटप्रेमी एकत्र आले, निधी जमवला, लोकप्रतिनिधींकडे पाठपुरावा केला. १९९२ मध्ये मालकी केंद्र सरकारच्या जमीन खात्याकडे गेली. १९९४ च्या कायद्याने मोहावी राष्ट्रीय संरक्षित क्षेत्र झालं, सुमारे सोळा लाख एकरांचं, आणि इमारत राष्ट्रीय उद्यान सेवेच्या ताब्यात आली. २००२ ते २००५ दुरुस्ती करून तिचं माहिती केंद्र केलं.

आता तिथे गाडी थांबते का?

नाही. युनियन पॅसिफिकच्या मालगाड्या दिवसरात्र जातात, पण थांबायला त्यांना कारण नाही. प्रवासी गाडीही नाही. लास व्हेगासवरून जाणारी अ‍ॅमट्रॅकची ‘डेझर्ट विंड’ इथून जायची, ती १९९७ मध्ये बंद झाली.

बघायला जायचं तर काय तयारी?

संरक्षित क्षेत्रात पेट्रोल पंप एकही नाही. टाकी बेकरला किंवा महामार्गावर भरून घ्यायची. पाणी माणशी निदान चार लिटर, उन्हाळ्यात त्याहून जास्त. जुलैत पारा चाळिशीच्या पुढे असतो. फोनला रेंज मिळेल या भरवशावर निघू नका, नकाशा आधीच उतरवून ठेवा. माहिती केंद्र कोणत्या दिवशी उघडं आहे ते उद्यान सेवेच्या संकेतस्थळावर पाहूनच निघा. पावसानंतर ओढ्यांना अचानक लोंढा येतो आणि रस्ते वाहून जातात. आकाश निरभ्र असलं तरी डोंगरात पडलेला पाऊस खाली यायला वेळ लागत नाही.

रुळांवर उभं राहून फोटो काढू नका. मार्ग चालू आहे, जागा खासगी आहे, आणि घाट उतरून येणारी गाडी वाऱ्यात वाटते त्यापेक्षा फार आधी अंगावर येते.

जवळच केल्सोच्या वाळूच्या टेकड्या आहेत, सुमारे २०० मीटर उंच. कोरड्या दिवसांत वरून वाळू घसरली की तळातून खोल घुमल्यासारखा आवाज येतो. वाळू ओली असेल तर येत नाही. म्हणून पावसानंतर लगेच जाऊन ‘काहीच ऐकू आलं नाही’ म्हणू नये.

अशा गावाचा इतिहास शोधायचा तर सुरुवात कुठून?

नगरपालिकाच नाही, तर तिचं दप्तरही नाही. कागद विखुरलेले असतात. हा क्रम उपयोगी पडतो.

पहिल्यांदा रेल्वेचं कर्मचारी वेळापत्रक. प्रवाशांचं नव्हे. त्यात प्रत्येक सायडिंगची लांबी, पाण्याची सोय, तारघराच्या वेळा, घाटातली वेगमर्यादा असते. लागोपाठच्या वर्षांची दोन वेळापत्रकं शेजारी ठेवा. तारघराच्या वेळा २४ तासांवरून आठ तासांवर आल्या की गाव कधी ओसरायला लागलं ते समजतं.

मग मूल्यांकन नकाशे. १९१३ च्या कायद्यानुसार प्रत्येक रेल्वे कंपनीला आपली सगळी मालमत्ता मोजून आंतरराज्य वाणिज्य आयोगाला द्यावी लागली. त्या नकाशांत पाणटाकी, झोपड्या, कोळशाचा फलाट, कुंपण, सगळं मोजमापासह आहे. ते राष्ट्रीय अभिलेखागारात मिळतात.

तिसरी शिरगणतीची मूळ पानं. अमेरिकेत ती ७२ वर्षांनी खुली होतात. १९५० ची २०२२ मध्ये खुली झाली. त्यांत गावाच्या नावापेक्षा व्यवसायाचा रकाना वाचा. रेल्वेचा फायरमन, रूळ दुरुस्तीचा मजूर, खाणावळीतली वाढपी असे लागोपाठ आले की वस्ती सापडली. रूळ दुरुस्तीच्या टोळ्यांत मेक्सिकन मजूर बरेच असत. त्यांची नावं तीन पानांवर तीन तऱ्हांनी लिहिलेली सापडतात, म्हणून वय आणि जन्मस्थळ जुळवून पाहा.

डाकघराच्या नेमणुका, शाळेच्या पटाच्या नोंदी आणि काउंटीच्या जमीन-नोंदी यानंतर. वर्तमानपत्रं सर्वांत शेवटी, कारण अशी गावं बातमीत येतात ती अपघात झाला तरच, आणि तेवढ्यावरून लिहिलेला इतिहास म्हणजे नुसती अपघातांची यादी होते.

हीच पद्धत महाराष्ट्रातल्या स्टेशनांना लागू पडेल का?

बरीचशी. बोरघाटातलं ठाकूरवाडी किंवा मंकी हिल घ्या. तिथेही वस्ती म्हणजे केबिन, क्वार्टर आणि गँगची माणसं. रेल्वेचं कर्मचारी वेळापत्रक, जिल्हा गॅझेटियर, गावनकाशा आणि सातबाराचे जुने उतारे एकत्र लावले की चित्र उभं राहतं. सातबाऱ्यावर रेल्वेची जमीन गावाच्या हद्दीत दिसते, वस्ती मात्र दिसत नाही. ती शोधायला रेल्वेच्या अभियांत्रिकी विभागाचे क्वार्टर-नकाशे लागतात. खंडाळ्याजवळचं १९२९ मध्ये बंद झालेलं रिव्हर्सिंग स्टेशन (जिथे गाडीची दिशा उलटी करावी लागे) शोधायचं असेल, तर नकाशा १९२९ च्या आधीचा घ्या. नंतरच्या नकाशांवर मार्गच वेगळा आहे.